वर्तन विश्लेषणातली पीएचडी इथे, मराठीत, सुरू करा: महाराष्ट्रातल्या कुलगुरूंना खुले पत्र

माननीय कुलगुरू, विद्या परिषदांचे सदस्य आणि संशोधन मान्यता समित्यांवर बसणारे सर्व प्राध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत राहते. गेली एकवीस वर्षं स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांबरोबर आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम करते आहे. सुरुवात विशेष शिक्षिका म्हणून झाली. पुढे नोकरी सांभाळून एका परदेशी विद्यापीठाचा वर्तन विश्लेषणाचा अभ्यासक्रम रात्री जागून पूर्ण केला. पालक आमच्या कामाला ‘एबीए’ (अप्लाइड बिहेवियर अॅनालिसिस) म्हणतात, शेजारीपाजारी ‘थेरपी’ म्हणतात.

सहा वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या आरआरसीपुढे, म्हणजे संशोधन मान्यता समितीपुढे, मी पीएचडीचा आराखडा घेऊन उभी होते. विषय होता, स्वतःला मारून घेणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन, आईवडिलांच्या हातून करायचं उपचाराचं काम. पहिलाच प्रश्न आला, ‘‘सॅम्पल किती?’’ मी म्हटलं, ‘‘चार मुलं.’’ समितीतल्या एका सरांनी सिनॉप्सिस मिटला आणि शांतपणे सांगितलं, ‘‘ताई, चार मुलांवर पीएचडी होत नसते. किमान साठ घ्या, तीस-तीसचे दोन गट करा.’’ मी समजावू लागले, पण वेळ संपली होती. नंतर कळवण्यात आलं की विषय मानसशास्त्राचा नाही, शिक्षणशास्त्राकडे जा. शिक्षणशास्त्राने सांगितलं की हे क्लिनिकल आहे, आरोग्य विज्ञानाकडे जा. तिथे माझी पदवी चालत नव्हती, कारण ती विशेष शिक्षणाची.

त्या सरांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांना जे शिकवलं गेलं त्याप्रमाणे ते बरोबर होते. पण मधल्या काळात अशा काही गोष्टी घडल्या आहेत की आता हा माझ्या एकटीच्या अर्जाचा प्रश्न राहिलेला नाही. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना, आणि सगळ्यांना वाचता येईल असं.

आधी त्या ‘चार मुलं’ प्रश्नाचं उत्तर, जे त्या दिवशी अर्धवट राहिलं.

सात वर्षांचा एक मुलगा मुठीने स्वतःच्या कानशिलावर मारून घेतो. घरचे म्हणतात, त्याला राग येतो. डॉक्टर म्हणतात, स्वमग्नता आहे, असं होतं. वर्तन विश्लेषक विचारतो, मारून घेतल्यावर लगेच काय घडतं? आई धावत येते का? समोरची वही बाजूला केली जाते का? की कोणी नसतानाही तो तसाच मारून घेतो? ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये बाल्टिमोरमध्ये याची एक पद्धत बसवली. छोट्या छोट्या सत्रांत परिस्थिती बदलत जायची. एका सत्रात मारून घेतल्यावर लक्ष मिळतं, दुसऱ्यात काम थांबतं, तिसऱ्यात तो एकटाच असतो, चौथ्यात नुसता खेळ असतो आणि कसलीच मागणी नसते. प्रत्येक सत्रात मोजायचं. या मुलाच्या बाबतीत आलेख फक्त एकाच ठिकाणी उंच गेला, काम सांगितलं तेव्हा. मारून घेतलं की वही उचलली जायची. तो रागावलेला नव्हता. ‘बास, आता नको’ हे सांगायचा त्याच्याकडे तेवढा एकच मार्ग होता. मग त्याला ‘थांबू’ असं लिहिलेलं कार्ड हातात द्यायला शिकवलं. त्याने कार्ड दिलं की काम खरंच थांबवायचं, दर वेळी, न चुकता. हळूहळू मूठ उघडली.

पण हा बदल कार्डामुळेच झाला कशावरून? कदाचित तो मोठा झाला असेल, कदाचित औषध लागू पडलं असेल. इथेच ‘चार मुलं’ उपयोगी पडतात. चौघांचंही वर्तन पहिल्या दिवसापासून मोजायचं. पहिल्याला उपचार दुसऱ्या आठवड्यात सुरू करायचा, बाकी तिघांचं नुसतं मोजत राहायचं. दुसऱ्याला चौथ्या आठवड्यात, तिसऱ्याला सहाव्या, चौथ्याला आठव्या. ज्याचा उपचार जेव्हा सुरू होतो नेमका तेव्हाच त्याचा आलेख खाली आला आणि बाकीच्यांचा जागच्या जागी राहिला, असं चार वेळा झालं, तर योगायोग म्हणायला जागा उरत नाही. याला मल्टिपल बेसलाइन म्हणतात. प्रत्येक मूल स्वतःच स्वतःचा नियंत्रण गट असतं. एकेका मुलाची शंभर-शंभर सत्रं मोजलेली असतात. बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी १९६८ मध्ये या शास्त्राचे निकष मांडले, तेव्हापासून याच पद्धतीवर जगभर पीएचडी दिल्या जात आहेत. तीस मुलांच्या सरासरीत माझा कानशिलावर मारणारा मुलगा हरवून जातो. त्याच्या आईला सरासरी नको असते.

आता मधल्या काळात घडलेल्या गोष्टी.

पहिली गोष्ट कायद्याची. २०२१ मध्ये संसदेने ‘नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स’ कायदा केला. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, आहारशास्त्र, लॅब तंत्रज्ञान असे दहा गट त्याच्या परिशिष्टात आहेत. सातवा गट आहे समुदाय सेवा आणि वर्तनविषयक आरोग्य विज्ञानाचा. त्यात मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, समुपदेशक यांच्या शेजारी ‘बिहेवियरल अॅनालिस्ट’ हा शब्द छापलेला आहे. वर्तन विश्लेषक. माझ्या व्यवसायाचं नाव देशाच्या कायद्यात मी पहिल्यांदा वाचलं ते त्या दिवशी. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. तोवर कुठल्याही फॉर्मवर मला ‘इतर’ या रकान्यात खूण करावी लागत होती.

याच कायद्याप्रमाणे ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’ म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची पदवी लागते. म्हणजे उद्या वर्तन विश्लेषकाची पदवी कुठेतरी सुरू करावी लागणार. ती शिकवणार कोण?

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या प्रमाणपत्राची. १९९८ मध्ये स्थापन झालेलं ‘बिहेवियर अॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड’ जगभरच्या लोकांना बीसीबीए हे प्रमाणपत्र द्यायचं. भारतातल्या आमच्यासारख्यांची सगळी घडी त्यावर बसलेली होती. १ जानेवारी २०२३ पासून त्यांनी भारतासह बहुतेक देशांतून नवे अर्ज घेणं बंद केलं. आधी ज्यांना मिळालं त्यांचं राहिलं. पण माझ्या हाताखाली शिकलेल्या ज्या मुली तेव्हा प्रत्यक्ष कामाचे तास भरत होत्या, त्यांची दोन-तीन वर्षं हवेत लोंबकळली. त्यातल्या एकीने शेवटी बँकेच्या परीक्षा द्यायला घेतल्या. कामातलं कौशल्य म्हणाल तर ती माझ्यापेक्षा चांगली होती. दुसऱ्या काही आंतरराष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रं आता उपलब्ध आहेत, मुली ती घेतात. पण दर वेळी दुसऱ्याच्या ओसरीवर उभं राहून ‘आम्हाला आत घ्या’ म्हणायचं, हे किती दिवस चालणार?

तिसरी गोष्ट अलीकडची. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) मानसशास्त्र आणि या कायद्याखाली येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. माझं स्वतःचं शिक्षण लॅपटॉपवर झालेलं असूनही मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण पडद्यावर बघून मुलाचा हात कसा आणि कधी सोडायचा हे शिकता येत नाही. पण त्याचा अर्थ असा की वर्गात उभे राहणारे शिक्षक लागणार. आणि विद्यापीठात गाइड व्हायला, प्राध्यापक पदापर्यंत जायला पीएचडी लागते.

गाठ इथेच आहे. कायदा व्यवसायाला नाव देतो, त्याखालचा राष्ट्रीय आयोग अभ्यासक्रम ठरवेल, महाविद्यालयं अर्जही करतील. पण या विषयातले डॉक्टरेट झालेले लोक आपल्याकडे तयार झाले नाहीत तर तो अभ्यासक्रम शेजारच्या विषयातले लोक पुस्तकातून वाचून शिकवतील. मग चाळीस तासांचा कोर्स करून ‘एबीए सेंटर’ची पाटी लावणाऱ्यांत आणि पदवीधरांत फरक उरणार नाही.

अशी सेंटर्स मी पाहिली आहेत. एका सेंटरमध्ये पाच वर्षांच्या मुलीला खुर्चीत बसवून मागून दोन्ही हात दाबून धरलेले पाहिले. ती रडत होती आणि समोरची मुलगी तिला रंग ओळखायला सांगत होती. ‘‘कम्प्लायन्स येईपर्यंत सोडायचं नाही, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंय,’’ असं ती म्हणाली. तिला दोष देऊन काय उपयोग? तिच्या वर कोणी नव्हतं. तिला शिकवणाऱ्याच्याही वर कोणी नव्हतं. ज्याला ही मुलगी का रडते आहे हा प्रश्न पडेल, तो मोजता येईल, आणि चूक सापडली तर ‘आपली पद्धतच चुकते आहे’ असं लिहिता येईल, असा माणूस त्या इमारतीत नव्हता.

मी हे लपवून ठेवणार नाही की या शास्त्राच्या इतिहासात काळे डाग आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लोवास यांचा १९८७ चा प्रसिद्ध अभ्यास, ज्यात आठवड्याला चाळीस तास उपचार घेतलेल्या १९ पैकी ९ मुलांची प्रगती फार मोठी दाखवली गेली, त्यात मुलांना मांडीवर चापट मारणंही होतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटरमध्ये अपंग व्यक्तींना विजेचे झटके दिले जात होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीएने) २०२० मध्ये ते उपकरण बंद करायचा आदेश काढला, पुढच्याच वर्षी न्यायालयाने तो रद्द केला. वर्तन विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या झटक्यांविरुद्ध भूमिका घेतली तीही २०२२ मध्ये, फार उशिरा. लहानपणी एबीए घेतलेले स्वमग्न प्रौढ आज बोलतात, लिहितात, आणि त्यातलं बरंच ऐकायला कठीण असतं. मला वाटतं, आपल्याकडची पहिली पीएचडी याच प्रश्नावर झाली तरी चालेल. मुलाने ‘नको’ म्हटलेलं कसं ओळखायचं, आणि ओळखल्यावर थेरपिस्ट थांबतो का, हे मोजणारी. चिकित्सा करणारे लोक घरात नसले की घरातली चूक वर्षानुवर्षं तशीच राहते.

कोणी म्हणेल, परदेशात जाऊन पीएचडी करून या. काही जणी गेल्या. कॅन्सस, वेस्टर्न मिशिगन, फ्लोरिडा इथल्या विद्यापीठांत हे शास्त्र पन्नास-साठ वर्षं रुजलेलं आहे, तिथे उत्तम शिकायला मिळतं. पण तिथे जाऊन आमचे प्रश्न सुटत नाहीत, कारण ते प्रश्न तिथे पडतच नाहीत.

मागणी करायला शिकवणं हा आमच्या कामाचा पाया. इंग्रजीत ‘आय वाँट’ शिकवलं की पुढे कोणतीही वस्तू जोडता येते. मराठीत ‘चेंडू हवा’, ‘पोळी हवी’, ‘पाणी हवं’. वस्तूचं लिंग बदललं की शब्द बदलतो. ‘पाहिजे’ शिकवलं तर ही अडचण पुष्कळशी टळते, आमच्या भागात घरोघरी ‘पायजे’च म्हणतात. मग न बोलणाऱ्या मुलाला आधी काय शिकवायचं? ‘पाहिजे’ने सुरुवात केलेली मुलं पुढे ‘हवा-हवी-हवं’कडे आपोआप वळतात का? मी माझ्या अनुभवावरून ‘पाहिजे’ निवडते. पण अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, आणि माझ्या हाताखालच्या मुलींना मी ‘मला असं वाटतं’ यापलीकडे काही सांगू शकत नाही.

दुसरं उदाहरण तर रोजचं आहे. थेरपिस्ट बहुतेक स्त्रिया, घरी शिकवणारी आई. त्या म्हणतात, ‘‘मी येते हं,’’ ‘‘मी देते.’’ ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणारा मुलगा ‘‘मी येते’’ म्हणू लागतो. शाळेत गेला की मुलं हसतात. म्हणजे मुलग्याला शिकवताना आईने ‘येतो’ म्हणून दाखवायचं का? मग तो आईच्या नैसर्गिक बोलण्यातून कधी शिकणार? आणि आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे मुलीसुद्धा ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, ते वेगळंच. पुण्याहून छापून आलेल्या तक्त्याप्रमाणे इथल्या मुलीला ‘येते’ शिकवलं की तिची आजी विचारते, ‘‘ही अशी का बोलायला लागली?’’

‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक घ्या. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हे या एका शब्दावर ठरतं. स्वमग्न मुलाला ‘तो’ कोण, ‘मी’ कोण हे उलगडणं अवघड जातं, त्याला ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ हे कसं उलगडणार, किती उदाहरणांनी, कोणत्या क्रमाने? मामा, काका, आत्या, मावशी ही नाती शिकवायची म्हणजे प्रत्येक माणसाची आईकडची बाजू की वडिलांकडची हे शिकवायचं. एका हाताने पोळीचा तुकडा मोडणं, भारतीय पद्धतीच्या संडासात तोल सांभाळून बसणं आणि पाण्याने धुणं, यांच्या पायऱ्या परदेशी पुस्तकात सापडत नाहीत. आम्ही त्या आमच्या वह्यांत लिहून काढल्या आहेत. प्रत्येक सेंटरच्या वेगळ्या, एकमेकींशी न ताडलेल्या. यातला एकेक प्रश्न एकेका प्रबंधाचा आहे.

मराठीत असं काम होऊ शकेल का, अशी शंका असेल तर ब्राझीलकडे पाहा. १९६१ मध्ये फ्रेड केलर हे अमेरिकन प्राध्यापक साओ पाउलो विद्यापीठात शिकवायला गेले. तिथे कॅरोलिना बोरी आणि रोडोल्फो अझी या तरुण सहकाऱ्यांनी त्यांचं बोट धरलं आणि मग त्यांचं बोट सोडून पुढे गेले. ब्राझिलियाच्या नव्या विद्यापीठात त्यांनी विभाग उभा करायला घेतला, तोवर लष्करी राजवट आली आणि १९६५ मध्ये तिथल्या दोनशेहून अधिक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. विभाग मोडला. बोरी साओ पाउलोला परतल्या आणि आयुष्यभर पदव्युत्तर विद्यार्थी घडवत राहिल्या. त्या विद्यार्थ्यांनी देशभर विभाग काढले. आज ब्राझीलमध्ये वर्तन विश्लेषणात पोर्तुगीज भाषेत डॉक्टरेट करता येते, पोर्तुगीजमध्ये संशोधनपत्रिका निघतात. हे अमेरिकन प्रमाणपत्रामुळे झालं नाही. एका पाहुण्याला बोलावलं, त्याच्याकडून शिकून घेतलं आणि आपल्या विद्यापीठात आपल्या भाषेत गाइड तयार केले, म्हणून झालं.

आपल्याकडेही पायाचं काम झालेलं आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेतून १९९२ मध्ये रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी भारतीय मुलांसाठी वर्तन मापनाची श्रेणी आणि शिक्षकांसाठी मार्गदर्शिका तयार केली. विशेष शिक्षणाचा डिप्लोमा करताना मी पहिल्यांदा वर्तन मोजायला शिकले ते त्यावरूनच. तेव्हा हातात होतं ते पुस्तक भारतातच, भारतीय मुलांसाठी तयार झालेलं होतं, याचं महत्त्व मला फार नंतर कळलं.

आता आरोग्याबद्दल, कारण वर्तन विश्लेषण म्हणजे फक्त स्वमग्नता ही समजूत आमच्याच व्यवसायाने करून दिली आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, कोकणातून माणसं इथे येतात. गुडघ्याचं ऑपरेशन नीट होतं, पण घरी गेल्यावर व्यायाम होत नाहीत. फिजिओथेरपिस्ट कागदावर चित्रं काढून देतात, तो कागद देव्हाऱ्यामागे जातो. डॉक्टर म्हणतात ‘पेशंट ऐकत नाही’. ऐकत नाही हे वर्तन आहे, आणि वर्तन कुठल्या परिस्थितीत घडतं हे शोधता येतं.

क्षयरोगाच्या रुग्णांना पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० मिळतात. ती पोषणाची मदत आहे, बक्षीस नव्हे, आणि ती तशीच असावी. पण सहा महिने रोज गोळी घेणं हे वर्तन टिकवायचं कशाने, हा प्रश्न त्या पैशाच्या शेजारी तसाच उभा आहे. गोळी रोज, पैसे केव्हातरी. मधला काळ जितका लांब तितका परिणामाचा जोर कमी, हे वर्तन विश्लेषणातलं अगदी प्राथमिक ज्ञान आहे. टीबी विभागात काम करणाऱ्या एखाद्या परिचारिकेने यावर पीएचडी केली तर?

आणि मिश्री. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असं दिसलं, आणि त्यातले बहुतेक धूररहित तंबाखूवाले. आमच्या भागात गरोदर बायका सकाळी चुलीपाशी बसून दाताला मिश्री लावतात, कारण सासूही लावते, जाऊही लावते, आणि ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोकेनच्या व्यसनावर एक पद्धत तपासली. लघवीचा नमुना स्वच्छ आला की कूपन, सलग स्वच्छ येत राहिला तर कूपनाची किंमत वाढत जाणार, एकदा चुकलं तर पुन्हा पहिल्या पायरीवर. पुढे हीच पद्धत धूम्रपान करणाऱ्या गरोदर स्त्रियांसाठी वापरली गेली आणि उपयोगी पडली. मिश्रीसाठी ती वापरायची तर? तपासणी करता येईल, निकोटिनचे अंश लघवीत सापडतात. पण कूपन कोणाच्या हातात द्यायचं? सुनेच्या हातात दिलं तर ते तिच्याकडे राहील का? की सासू-सून दोघींनी मिळून सोडली तरच द्यायचं? हे प्रश्न व्हरमाँटमध्ये कोणी विचारणार नाही. ते आरोग्य केंद्रात बसणारी परिचारिका (एएनएम) विचारेल, दंतवैद्य विचारेल, जर त्यांना हे शास्त्र डॉक्टरेटच्या पातळीवर शिकायची सोय असेल तर. म्हणून मी वर्तन विश्लेषण आणि आरोग्य व्यवसाय ही नावं एकत्र घेते आहे. ही पीएचडी फक्त आमच्यासारख्या थेरपिस्टांची नसावी. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ यांनी आपापला व्यवसाय न सोडता ती करावी.

यासाठी नवा कायदा लागत नाही, हे मला आपल्याला आवर्जून दाखवायचं आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात चार विद्याशाखा आहेत, त्यातली एक आहे आंतरविद्याशाखीय अभ्यास. मला तीन दारांवरून परत पाठवलं गेलं, पण हे चौथं दार विद्यापीठाच्या घरात आधीपासून आहे. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीत आंतरविद्याशाखीय विषयासाठी विद्यापीठाबाहेरचा सहमार्गदर्शक घ्यायची मुभा आहे. म्हणजे मुख्य गाइड आपल्या मानसशास्त्र किंवा शिक्षणशास्त्र विभागातला, सहमार्गदर्शक वर्तन विश्लेषणात डॉक्टरेट झालेला, मग तो बंगळुरूचा असो की ब्राझीलचा. नियमित नोकरी करणाऱ्यांसाठी अर्धवेळ पीएचडीही त्याच नियमावलीत आहे. स्त्री संशोधकांना दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांची प्रसूती रजा आहे. आमच्या क्षेत्रात काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया आहेत, म्हणून हे मला महत्त्वाचं वाटतं. कोर्सवर्कचे जे किमान १२ क्रेडिट भरावे लागतात, त्यातले चार मल्टिपल बेसलाइनसारख्या एकल-व्यक्ती प्रायोगिक आराखड्यांसाठी ठेवा, आणि ते मानसशास्त्राच्या इतर विद्यार्थ्यांनाही खुले ठेवा. पुढच्या वेळी कोणी ‘चार मुलं’ म्हटलं की समितीत एक तरी माणूस सिनॉप्सिस उघडा ठेवेल.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि पारंपरिक विद्यापीठं यांनी मिळून एक सामायिक संशोधन केंद्र मान्य करावं, असं माझं मत आहे. रुग्णालयं एकीकडे आणि मानसशास्त्राचे विभाग दुसरीकडे, आणि मध्ये पूल नाही, ही स्थिती बदलायला हवी. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, त्यांतून खेड्यापाड्यातल्या मुली येऊ शकतात. त्या आल्या तर मिश्रीचे आणि ‘पायजे’चे प्रश्न त्यांना पुस्तकातून शिकवावे लागणार नाहीत. आणि प्रबंध मराठीत लिहायची परवानगी द्या. इंग्रजी सारांश जोडायला कोणाची ना नाही. पण ज्या मुलाचं बोलणं मराठीत मोजलं त्याचा प्रबंध मराठीत असला, तर त्याची आई तो वाचेल. माझ्याकडच्या आयांनी आलेख वाचायला शिकून घेतलं आहे. रेघ कुठे चढली, कुठे उतरली, कार्ड कधी सुरू केलं, सगळं त्यांना सांगता येतं. त्यातल्या एकीने मला विचारलं होतं, ‘‘मॅडम, हे सगळं कुठं छापून येतं का?’’

माझ्या खोलीतल्या दोन लोखंडी कपाटांत एकवीस वर्षांच्या नोंदवह्या आहेत. प्रत्येक मुलाचं नाव काढून टाकून, पालकांची लेखी संमती घेऊन, मी त्या पहिल्या संशोधकाला द्यायला तयार आहे. ती माझ्या सेंटरमधली असायला हवी असं नाही. शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते, मिरजेत कोणीही येऊन त्या चाळू शकतं.

आपल्या विद्यापीठाची पेटची (पीएचडी प्रवेश परीक्षेची) जाहिरात निघेल तेव्हा मी पुन्हा अर्ज करणार आहे. तेव्हा मी पन्नाशीत असेन. विषयाच्या रकान्यात ‘वर्तन विश्लेषण’ असंच लिहीन. यादीत तो विषय नसेल तर अर्ज ऑनलाइन पुढे जाणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून जाहिरात निघण्याआधी विद्या परिषदेची जी बैठक होईल, तिच्या विषयपत्रिकेवर एवढा एक विषय घ्या, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वर्तन विश्लेषक
मिरज, जि. सांगली